वृषपर्व्याचा तारा, देवयानीचं अंतर : विश्व मोजण्यामागची पार्श्वभूमी

कार्तिक लागला, पावसाची शेवटची सर ओसरली की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या सड्यावर रात्री नऊच्या पुढे चटई टाकून बसता येतं. खाली गावात घरोघरी आकाशकंदील असतात, पण त्यांचा उजेड सड्यापर्यंत पोचत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची म्हापशाहून आली होती. दुर्बिणीतून तिला देवयानीतला तो पिंजलेल्या कापसासारखा पांढुरका ठिपका दाखवला आणि सांगितलं, हा उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी तिथून निघालाय. डोळ्यावरची दुर्बीण न काढता ती म्हणाली, "मावशी, पण तिथवर टेप कोणी नेली?"

त्या रात्री मी तिला तुटक उत्तर दिलं. पुरं उत्तर द्यायचं तर ग्रीकांपासून सुरुवात करावी लागते आणि ते अजून संपलेलं नाही. त्या इतिहासातली तीन महत्त्वाची ठिकाणं मात्र गोव्याच्या कार्तिकातल्या आकाशात एकाच वेळी येतात. उत्तरेला वृषपर्वा. त्याच्या वर, डोक्याकडे झुकलेली देवयानी, तिच्या शेजारी शर्मिष्ठा आणि ययाती. महाभारतातलं ते सगळं गोत आपल्या पूर्वसुरींनी पाश्चात्त्य तारकासमूहांना नावं देताना एकत्रच बसवलं. तिसरं ठिकाण दक्षिणेला, समुद्राच्या रेषेला टेकलेलं. ते डोळ्यांना दिसत नाही. त्याच्याकडे नंतर येते.

आधी अडचण काय होती ते पाहू. दोनापावलाच्या कठड्यावर रात्री उभं राहून समुद्राकडे बघा. एक दिवा मिणमिणतोय. ती जवळच्या होडीतली बॅटरी आहे की दूरवरच्या जहाजावरचा मोठा झोत, हे नुसत्या उजेडावरून सांगता येत नाही. दिवा दुप्पट दूर गेला की उजेड चौथाई होतो, तिप्पट दूर गेला की नववा हिस्सा उरतो. हा नियम केप्लरने १६०४ साली मांडला. पण तो वापरायचा तर दिव्याची मूळची ताकद ठाऊक हवी. ताऱ्यांच्या बाबतीत सगळं घोडं तिथेच अडलं होतं. आकाशातली अंतरं मोजण्याचा इतिहास म्हणजे खरं पाहता दिव्यांची ताकद ओळखण्याचा इतिहास आहे, असं मला वाटतं. दुर्बिणी मोठ्या झाल्या हा त्याचा निम्माच भाग.

ताऱ्यांना उजेडाप्रमाणे प्रत लावायची पद्धत ग्रीकांची. सर्वांत ठळक ते पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. तिचा उगम इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातल्या हिपार्कसपर्यंत नेला जातो आणि टॉलेमीच्या ग्रंथातून ती पुढे टिकली. आकडा वाढला की उजेड कमी, हे नव्या माणसाला उलटं वाटतं; परीक्षेतला पहिला नंबर आठवला की बसतं. या ढोबळ पायऱ्यांना गणिताचं माप १८५६ साली नॉर्मन पॉगसनने दिलं : पाच प्रतींचा फरक म्हणजे उजेडात बरोबर शंभर पटींचा फरक, म्हणजे एका प्रतीमागे सुमारे २.५१२ पट. हाच पॉगसन १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आला आणि १८९१ मध्ये तिथेच वारला. मद्रासहून त्याने एक लघुग्रह शोधला, त्याचं नाव एशिया. त्याच वेधशाळेतल्या चिंतामणी रघुनाथाचारींनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा, म्हणजे उजेड कमी-जास्त होणारा तारा शोधला. आज जगभर दुर्बिणींचे आकडे ज्या मापात लिहिले जातात ते माप बसवणाऱ्या माणसाची तीस वर्षं आपल्या दक्षिणेत गेली, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

प्रत म्हणजे दिसणारा उजेड. अंतराचा पत्ता त्यात नाही. आपल्या जुन्या सिद्धांतग्रंथांत नक्षत्रांची कक्षा सूर्याच्या कक्षेच्या साठ पट धरली आहे. सतराव्या शतकात हॉलंडच्या हायगेन्सने वेगळी युक्ती केली. सूर्यप्रकाश बारीक छिद्रातून इतका कमी केला की तो व्याधाच्या ताऱ्याएवढा वाटावा, आणि किती पट कमी केला त्यावरून अंतर काढलं : सूर्याच्या २७,६६४ पट. खरा आकडा साडेपाच लाख पटींच्या आसपास आहे. हायगेन्सने व्याध हा सूर्याएवढाच दिवा धरला होता. तो सूर्याच्या वीसपटीहून अधिक तेजस्वी निघाला. रीत बरोबर, दिव्याची ताकद चुकली. पुढे हीच चूक वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा होत राहिली.

ताकद न कळताही अंतर मोजण्याचा एकच सरळ मार्ग होता, पराशय. हात लांब करून अंगठा धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा; अंगठा मागच्या भिंतीवर सरकतो. दोन डोळ्यांच्या जागी पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं घेतली, म्हणजे सहा महिन्यांच्या अंतराने पाहिलं, तर जवळचा तारा मागच्या ताऱ्यांवर किंचित सरकलेला दिसायला हवा. ही सरक इतकी बारीक की शतकानुशतकं कुणाला सापडली नाही. १८३८ मध्ये जर्मन ज्योतिर्विद फ्रीडरिख बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय ०.३१ विकला काढला; विकला म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग. दहा रुपयांचं नाणं सुमारे १८ किलोमीटरांवरून जेवढं दिसेल तेवढा हा कोन. अंतर आलं दहा प्रकाशवर्षांच्या थोडं पुढे. आजचा आकडा ११.४.

दक्षिण आफ्रिकेत थॉमस हेंडरसनने याआधीच मित्र ताऱ्याचे वेध घेऊन ठेवले होते, पण प्रसिद्ध केले १८३९ मध्ये, म्हणून पहिलेपणाचा मान हुकला. मित्र तारा मे महिन्यात गोव्याच्या दक्षिण क्षितिजावर जेमतेम चौदा अंश वर येतो, त्रिशंकूच्या डाव्या हाताला. तो एकटा नसून जोडतारा आहे हे १६८९ मध्ये पाँडिचेरीहून जेझुइट पाद्री रिशो यांनी पाहिलं होतं.

पण जमिनीवरून मोजलेला पराशय शे-दोनशे प्रकाशवर्षांच्या पुढे भरवशाचा राहत नाही. देवयानीचा तो कापूस तर या मापाच्या कुठल्या कुठे पलीकडे. पर्शियाच्या अल-सूफीने तो ९६४ च्या सुमारास आपल्या ग्रंथात लहानसा ढग म्हणून नोंदवला होता. तो आपल्याच आकाशगंगेतला वायूचा ढग की दूरची दुसरी आकाशगंगा, हे ठरवायला असा दिवा हवा होता जो स्वतःची ताकद स्वतःच सांगेल.

असा दिवा वृषपर्व्यात होता. १७८४ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात जॉन गुडरिक नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाच्या लक्षात आलं की या समूहातला डेल्टा तारा ठरावीक वेळाने मंदावतो आणि पुन्हा उजळतो. एक फेरा पाच दिवस नऊ तासांचा. गुडरिक लहानपणापासून बहिरा होता. दोन वर्षांत, एकविसाव्या वर्षी तो गेला. वृषपर्व्याच्या पाश्चात्त्य नावावरून अशा ताऱ्यांना सेफीड म्हणतात. आपण ज्याला अढळपदाचा मानकरी म्हणतो तो ध्रुवसुद्धा सेफीडच. त्याचा उजेड चार दिवसांच्या फेऱ्याने अगदी थोडा वरखाली होतो.

आता ते तिसरं ठिकाण. दक्षिण ध्रुवाजवळ आकाशात दोन फिकट ढग आहेत, थोरला आणि धाकटा. पोर्तुगीज गलबतातून हिंदुस्थानात आलेल्या फ्लॉरेन्सच्या आंद्रेआ कोर्सालीने कोचीनहून घरी पत्र लिहिलं, त्यात या दोन ढगांचं आणि त्रिशंकूचं वर्णन केलं, चित्रही काढलं. ते पत्र १५१६ मध्ये छापलं गेलं. गोवा पोर्तुगीजांच्या हाती जाऊन तेव्हा सहाच वर्षं झाली होती. पुढे या ढगांना मॅगेलनचं नाव पडलं. तोही १५०५ मध्ये पोर्तुगीज आरमाराबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलेला खलाशी. पणजीहून थोरला ढग क्षितिजापासून जास्तीत जास्त पाच अंश वर येतो आणि धाकटा दोन अंशही नाही. थोरल्यासाठी मी एका फेब्रुवारीत काणकोणला किनाऱ्यावर तीन संध्याकाळी बसले, अगस्तीच्या खाली, जरा उजवीकडे नजर लावून. समुद्रावरच्या धुकटीने आणि शॅकच्या दिव्यांनी काही दिसू दिलं नाही. धाकट्याची तर आशाच नको. पण कार्तिकात देवयानी माथ्याकडे असते तेव्हा तो बरोबर तिच्या समोर, दक्षिणेच्या पाण्याला टेकलेला असतो. एवढं ठाऊक असलं तरी मला तिकडे बघावंसं वाटतं.

या धाकट्या ढगानेच कोडं सोडवलं. हार्वर्ड वेधशाळेने पेरूतल्या आरेकिपा इथे दुर्बीण बसवली होती. तिथे घेतलेल्या काचेच्या प्लेटा बोटीने अमेरिकेला जात आणि हार्वर्डमध्ये बायका त्या तपासत. त्यांना 'कॉम्प्युटर' म्हणत, म्हणजे हिशेब करणाऱ्या. हेन्रिएटा लेविट त्यांतली एक. तिलाही ऐकू कमी येत असे. तिची मजुरी तासाला तीस सेंट. दुर्बिणीवर बसून वेध घेण्याचं काम त्या काळी बायकांना मिळत नसे.

तिचं काम कसं चाले ते जवळून पाहण्यासारखं आहे. काचेवर आकाश उलटं उमटलेलं, पांढऱ्यावर काळे ठिपके. ठिपका जितका मोठा तितका तारा तेजस्वी. एका रात्रीच्या प्लेटेची उलटी प्रत काढायची, ती दुसऱ्या रात्रीच्या प्लेटेवर ठेवायची, आणि काळ्या ठिपक्याभोवती पांढरी कड राहते का किंवा उलट होतं का ते भिंगातून शोधायचं. तसं दिसलं तर तारा बदललाय. मग हातातली एक चिंचोळी काच शेजारी धरायची. तिच्यावर ठाऊक प्रतींच्या ताऱ्यांचे ठिपके ओळीने उमटवलेले. ती माशा मारायच्या लहान थापीसारखी दिसे म्हणून तिथे तिला तसंच नाव पडलं होतं. अशा रीतीने लेविटने दोन ढगांत मिळून १,७७७ रूपविकारी तारे शोधले आणि १९०८ मध्ये यादी छापली. त्यातल्या सोळा ताऱ्यांचे फेरे मोजून झाले होते; त्यांच्याविषयी तिने साधंसं वाक्य लिहिलं की अधिक तेजस्वी ताऱ्यांचे फेरे लांब दिसतात.

१९१२ मध्ये धाकट्या ढगातल्या पंचवीस ताऱ्यांवर तिने हे पक्कं केलं. सर्वांत लहान फेरा सव्वा दिवसाचा, सर्वांत मोठा १२७ दिवसांचा, आणि आलेखावर सगळे जवळजवळ एका रेषेत. हे धाकट्या ढगातच का जमलं? पुन्हा दोनापावलाला या. झुआरीच्या मुखापलीकडे मुरगाव बंदराचे दिवे दिसतात. ते सगळे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर. तेव्हा त्यांतला जो जास्त ठळक दिसतो तो खरोखरच जास्त ताकदीचा. ढगातले तारेही तसेच, सगळे एका बंदरातले. दिसण्यातला फरक म्हणजे थेट ताकदीतला फरक.

आणि दीपगृहांचा तर नियमच आहे. प्रत्येकाची उघडझाप वेगळी. खलाशी सेकंद मोजतो, यादीत पाहतो आणि हे कुठलं दीपगृह, त्याचा झोत किती ताकदीचा हे त्याला कळतं. लेविटने आकाशातल्या दीपगृहांची यादी वाचायला शिकवली. तो अहवाल वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या सहीने निघाला, मजकूर मिस लेविट यांनी तयार केला असा त्यात उल्लेख आहे. तिला तो धागा पुढे न्यायची मोकळीक मिळाली नाही. दुसरी कामं नेमून दिली गेली. १९२१ च्या डिसेंबरात ती कर्करोगाने गेली. पुढे स्वीडनच्या एका गणितज्ञाने नोबेलसाठी तिचं नाव सुचवायचं ठरवून पत्र पाठवलं, तेव्हा ती जाऊन तीन वर्षं उलटली होती. मला हे लिहितानाही वाईट वाटतं.

हे तारे असे श्वास का घेतात, तेही सांगायला हवं. चुलीवर पेज रटरटते तेव्हा झाकण वाफ अडवतं, दाब वाढला की उचललं जातं, वाफ निसटली की खाली बसतं. सेफीडच्या बाहेरच्या थरांतला हेलियम असं झाकणाचं काम करतो : तापला की प्रकाश अडवतो, तारा फुगतो, फुगून निवला की प्रकाश सुटतो, तारा आकसतो. मोठा आणि तेजस्वी तारा सावकाश फुगतो, म्हणून त्याचा फेरा लांब.

लेविटच्या रेषेवरून ताऱ्यांची एकमेकांच्या तुलनेतली ताकद कळली. खरा आकडा मिळायला निदान काही सेफीडांचं अंतर दुसऱ्या वाटेने हवं होतं. डेन्मार्कच्या हर्ट्झस्प्रुंगने १९१३ मध्ये तो पहिला प्रयत्न केला. मग हार्लो शॅपलीने तारकागुच्छांची अंतरं मोजून सूर्याला आकाशगंगेच्या मध्यावरून उठवून कडेकडे बसवलं. १९२० च्या २६ एप्रिलला वॉशिंग्टनमध्ये शॅपली आणि हेबर कर्टिस यांचा प्रसिद्ध वाद झाला. शॅपलीचं म्हणणं, आपली आकाशगंगा तीन लाख प्रकाशवर्षांची, देवयानीसारखे ढग तिचीच पिलावळ. कर्टिसचं म्हणणं, त्या स्वतंत्र दीर्घिका, म्हणजे आपल्यासारख्याच वेगळ्या आकाशगंगा. सूर्याच्या जागेबाबत शॅपली बरोबर निघाला, दीर्घिकांबाबत कर्टिस.

निकाल लावला एडविन हबलने. कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर शंभर इंची दुर्बिणीतून १९२३ च्या ऑक्टोबरात त्याने देवयानीची प्लेट घेतली. तीन ठिपक्यांशी नवतारा, म्हणजे एकाएकी उजळून विझत जाणारा तारा, अशी खूण केली. मग जुन्या प्लेटा काढून ताडून पाहिल्या. त्यातला एक कधी मंद, कधी ठळक. त्याने ती खूण खोडली आणि लाल शाईत 'रूपविकारी' अशा अर्थाची अक्षरं लिहून पुढे उद्गारचिन्ह टाकलं. ती काच आजही जपलेली आहे. फेरा ३१.४ दिवसांचा. लेविटच्या रेषेवर ठेवून अंतर आलं सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं, शॅपलीच्या अवाढव्य आकाशगंगेच्याही कितीतरी बाहेर. १ जानेवारी १९२५ रोजी हा निबंध वॉशिंग्टनला वाचला गेला. वृषपर्व्याच्या ताऱ्याने देवयानीचं अंतर सांगितलं, असं मी भाचीला म्हटलं तेव्हा ती हसली; तिच्या माहितीतल्या गोष्टीत त्या दोन घरांचं कधी पटलेलंच नाही.

आता कुणी म्हणेल, नऊ लाख कुठे आणि पंचवीस लाख कुठे. ती हायगेन्सचीच चूक, नव्या वेषात. दुसऱ्या महायुद्धात वॉल्टर बाडे हा ज्योतिर्विद अमेरिकेत अडकलेला जर्मन नागरिक होता. त्याला लष्करी कामावर घेत नव्हते, बाकीचे सहकारी युद्धाच्या कामाला गेलेले. माउंट विल्सनची मोठी दुर्बीण जवळजवळ त्याच्या एकट्याच्या हाती आली. त्यात लॉस एंजेलिसमध्ये दिवे मालवण्याचा हुकूम; आकाश पूर्वी कधी नव्हतं इतकं काळं. या अंधारात त्याने देवयानीच्या गाभ्यातले सुटे तारे टिपले आणि ताऱ्यांच्या दोन पिढ्या असल्याचं १९४४ मध्ये मांडलं. सेफीडसुद्धा दोन जातींचे. हबलने पाहिले होते ते तेजस्वी जातीचे, आणि मोजपट्टी बेतली होती मुख्यतः मंद जातीवर. १९५२ मध्ये रोमच्या परिषदेत बाडेने हे सांगितलं आणि दीर्घिकांची अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली. शिवाय ताऱ्यांच्या मधल्या जागेत धूळ असते आणि ती उजेड गिळते, हे ट्रम्पलरने १९३० मध्ये दाखवलं होतं. त्याचाही हिशेब हळूहळू चोख होत गेला.

या दुपटीने आणखी एक गाठ सुटू लागली. दीर्घिका जितकी दूर तितक्या वेगाने ती लांब जाते, हे बेल्जियमच्या लमेत्रने १९२७ मध्ये आणि हबलने १९२९ मध्ये मांडलं होतं. हबलच्या आकड्यांवरून विश्वाचं वय दोन अब्ज वर्षं येई, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने. अंतरं वाढली तसं वयही वाढलं. पुढची कथा लांब आहे, थोडक्यात सांगते. सेफीड जिथे दिसेनासे होतात तिथून पुढे एका विशिष्ट जातीचे अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन प्रचंड उजळणारे तारे, मोजपट्टी होतात. ज्या वस्तुमान-मर्यादेशी त्यांचं नातं आहे ती चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, मुंबईहून विलायतेला जाताना बोटीवर मांडायला घेतली होती. त्याच अतिनवताऱ्यांवरून १९९८ मध्ये विश्वाचा फुगण्याचा वेग वाढतोय हे कळलं आणि २०११ चं नोबेल या शोधाला मिळालं. पायथ्याची पायरीही पक्की झाली : गाया यानाने अवकाशातून अब्जाहून अधिक ताऱ्यांचे पराशय मोजले, आणि थोरल्या ढगाचं अंतर २०१९ मध्ये एक टक्का अचूकतेने ठरलं.

तरी एक भांडण उभं आहे. सेफीड आणि अतिनवतारे वापरून प्रसरणाचा दर येतो दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षांमागे, सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर. विश्वाच्या बाल्यातल्या प्रारणावरून येतो ६७ च्या थोडा पुढे. जेम्स वेब दुर्बिणीने हबल दुर्बिणीचे सेफीड पुन्हा तपासले आणि ते मोजमाप बरोबर असल्याचं दाखवलं. मग फरक कुठून येतो? कुठल्या तरी दिव्याची ताकद अजून नीट ओळखलेली नाही, की भौतिकशास्त्रातच काही राहून गेलंय? बाडेची गोष्ट माहीत असल्यामुळे मी दोन्ही शक्यता उघड्या ठेवते.

भाचीला मी त्या सुट्टीत एक काम दिलं. वृषपर्व्याच्या एका कोपऱ्यात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे : झीटा, एप्सायलॉन आणि आपला डेल्टा. झीटा ३.४ प्रतीचा, एप्सायलॉन ४.२. डेल्टा भरात असला की जवळजवळ झीटाएवढा, उतरला की एप्सायलॉनहूनही मंद. दुर्बीण लागत नाही, अंधार लागतो. ती सहा रात्री सड्यावर आली, एक रात्र ढगात गेली. वहीत तिने पेन्सिलीने लिहिलंय : पहिल्या रात्री "झीटासारखा", मग "थोडा कमी", "मधला", ढगाची रिकामी ओळ, नंतर "एप्सायलॉनपेक्षा कमी, दोनदा बघितलं", आणि सहाव्या रात्री, "परत झीटासारखा".